बारा मोजेपर्यंत

काकांना तब्येत विचारली की ते टक्क्यांत सांगायचे. "आज ऐंशी." सर्दी असली की "साठ." जेवायला बोलावलं तर डब्यात डोकावून म्हणायचे, "भूक तीसच टक्के हाय, अर्धी भाकर दे." आणि एखादी गोष्ट अगदी मनासारखी झाली की डोळे मिटून "शंभर टक्के, सेम साइज." यापलीकडे त्यांची स्तुती जात नसे. आमच्या वर्कशॉपच्या शेठची मुलगी तिच्या लग्नात नटूनथटून समोर आली तेव्हाही ते तिला तेवढंच म्हणाले. तिला ते समजलं नाही आणि ती बिचारी आरशात बघत बसली.

टक्क्यांची ही सवय त्यांना कॅमेऱ्याने लावली होती. भोसरीच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे, यंत्रांवरच्या नेमप्लेट बनवायचं. मोटरवर कंपनीचं नाव, प्रेसवर "हात घालू नये", असलं सगळं आमच्याकडून जातं. हल्ली कॉम्प्युटर आहे, पण मी कामाला लागले तेव्हा सगळं प्रोसेस कॅमेऱ्यावर चालायचं. प्रोसेस कॅमेरा म्हणजे खोलीएवढं धूड. एका टोकाला काचेखाली मूळ चित्र दाबायचं, मधे रुळावर सरकणारी लेन्स, दुसऱ्या टोकाला अंधाऱ्या खोलीत फिल्म. लेन्स मागेपुढे केली की चित्र लहानमोठं. पन्नास टक्के म्हणजे निम्मं, शंभर म्हणजे जेवढ्यास तेवढं. त्या खोलीचे मालक काका. काका म्हणजे वर्कशॉपातल्या सगळ्यांचेच काका, माझे कोणी नव्हेत. पण मला ते पहिल्या दिवशी "पोरी" म्हणाले आणि माझे केस पिकले तरी "पोरी"च म्हणत राहिले.

त्यांनी काढलेली निगेटिव्ह माझ्या टेबलावर यायची. खालून दिवा असलेलं काचेचं टेबल. माझं काम डाग काढण्याचं. काळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं की तांबडा रंग लावून बुजवायचं, आणि पारदर्शक जागेत काळा ठिपका आला की ब्लेडच्या कोपऱ्याने खरवडायचा. नाहीतर तो ठिपका पितळेवर उठतो आणि कंपनीचा माणूस प्लेट परत आणून आपटतो. सत्तावीस वर्षं हेच केलं. आता देवळात गेले तरी माझी नजर आधी फरशीवरच्या डागांवर जाते. नवरा म्हणतो, तुला चंद्र दाखवला तरी तू ब्लेड शोधशील. तो थट्टेने म्हणतो, पण मला अलीकडे ते ऐकवत नाही.

काकांनी लग्न केलं नव्हतं. गाव इंद्रायणीच्या पलीकडे, चाकणच्या बाजूला. घरी थोरले भाऊ आणि वहिनी. रोज सायकलने पूल ओलांडून यायचे, दुपारी वहिनींच्या हातची भाकरी आणि ठेचा उघडायचे. भावाबद्दल फार बोलायचे नाहीत, पण डब्यात जे आवडीचं असेल ते निम्मं ठेवून परत न्यायचे. "थोरल्याला बी आवडतं," एवढंच सांगायचे. घरी थोरल्यांसाठी तेच केलेलं असणार, हे त्यांना कोणी सांगायचं?

त्यांच्या आईचा एकच फोटो होता. जत्रेत काढलेला, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. आई गेल्यावर काकांच्या डोक्यात आलं, वर्षश्राद्धाला आईचा चेहरा पितळेच्या पत्र्यावर उतरवायचा आणि देव्हाऱ्याशेजारी लावायचा. थोरले फोटो द्यायला तयार नव्हते. काकांनी आठवडाभर मागे लागून तो मिळवला, आणि एका दमट श्रावणी दुपारी कॅमेऱ्याच्या काचेखाली दाबला. वरून दोन्ही बाजूंनी तापलेले दिवे. जुना कागद, दमट हवा आणि उष्णता, व्हायचं तेच झालं. काच उचलली तेव्हा आईचा चेहरा काचेला चिकटून वर आला आणि खाली राहिला पांढरा कागद.

काका ती काच दोन्ही हातांत धरून बाहेर आले, उजेडाकडे तोंड करून उभे राहिले. मी टेबलावरून बघत होते. कोणीतरी पाण्याने सोडवा म्हणालं, कोणी वाफ द्या म्हणालं. पाण्याने उरलंसुरलं तेही वाहून गेलं.

संध्याकाळी थोरले फोटो न्यायला वर्कशॉपात आले. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. काकांनी कोरा कागद पुढे केला. थोरल्यांनी तो उलटून पाहिला, पुन्हा सुलटून पाहिला.

"एकच व्हता," ते म्हणाले. "त्यो बी खाल्ला तुज्या काचंनं. आता माज्या तोंडाम्होरं येऊ नगंस. पूल वलांडायचा न्हाई."

आवाज चढवला नव्हता. आम्हाला वाटलं, रागात म्हणालेत, चार दिवसांत निवळेल. काका त्या रात्री वर्कशॉपातच झोपले आणि पुढच्या आठवड्यात मोशीला, नदीच्या अलीकडे, एक खोली भाड्याने घेतली. दोघंही भाऊ शब्दाचे इतके पक्के की अकरा वर्षं कोणी पूल ओलांडला नाही. थोरल्यांनी आणखी एक केलं. त्या दिवसापासून स्वतःचा फोटो काढू दिला नाही. घरात कोणी मोबाइल वर केला की ते तोंड फिरवायचे. आईचा नाही तर माझा कशाला, म्हणायचे.

पुढे कॉम्प्युटर आला आणि कॅमेरा भंगारात गेला. भंगारवाला रूळ कापत होता तेव्हा काका शेठकडे गेले आणि फक्त लेन्स मागितली. शेठने निरोपाची भेट म्हणून देऊन टाकली. काळी, नारळाएवढी, हातात घेतली की मनगट खाली जावं अशी. काका तिला लेन्स कधी म्हणाले नाहीत. काच म्हणायचे. स्टीलच्या डब्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. रिटायर झाल्यावरही रोज अकरा वाजता यायचे, डबा माझ्या टेबलाखाली ठेवायचे आणि कोणी न सांगता काहीबाही दुरुस्त करत बसायचे.

मग कॅमेरा बनवायचं खूळ निघालं. चाकणच्या कंपन्यांत परदेशातून यंत्रं येतात त्यांच्या लाकडी खोक्यांच्या फळ्या त्यांनी गोळा केल्या. त्याची पेटी. मधली घडीची पिशवी रिक्षाचे हूड शिवणाऱ्या चाचांकडून काळ्या रेक्झिनची शिवून घेतली. चाचा चार वेळा म्हणाले, "काका, इसको रिक्षा पे किधर लगाना है, वो तो बोलो." लेन्सला झडप, म्हणजे शटर, नव्हती, कारण कॅमेऱ्याच्या खोलीत झडपेची गरजच नसायची, दिवे लावायचे नि बंद करायचे. काकांनी रंगाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण बसवलं. झाकण काढायचं, मोजायचं, झाकण लावायचं. मोजायचे ते खळ्यावर धान्य मोजतात तसं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. "लाभ, दोन, तीन, चार..." वडिलांनी दोघा भावांना तसंच मोजायला शिकवलं होतं.

पिंपरीतल्या स्टुडिओवाल्याला त्यांनी काच दाखवली. तो हसला. "काका, ही कॉपीची लेन्स. दोन हातांवरचा कागद बघायला बनवलेली. लांबचं हिला जमत नाही, सगळं भुरकट येईल." दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्याने तर सल्ला दिला, पेपरवेट म्हणून वापरा. काका परत आले ते तणतणतच. "यांनी बगितलंय का कधी? काचंतलं उजेडाचं भोक बारीक करायचं आन् थांबायचं. थांबायला नगं यांना." ही त्यांची दुसरी लाडकी गोष्ट. प्रेसवाला घाई करायला लागला, शेठ चिडले, माझा मुलगा दहावीला नापास झाला, सगळ्यांना एकच औषध: भोक बारीक करा आणि थांबा.

वर्कशॉपच्या गच्चीवरून त्यांनी अर्धा किलोमीटरवरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो काढला. फिल्म आमच्याच स्टोअरमधली, मुदत संपलेली, मोठ्या वहीच्या पानाएवढी. फिल्म धुवायचं औषध पातळ करून तासभर हलवत बसले. ओल्या निगेटिव्हवर मी भिंग ठेवलं आणि टाकीच्या शिडीच्या पायऱ्या मोजल्या. सगळ्या दिसत होत्या, वरून तिसरी वाकलेली होती तीही. काका शेजारी उभे होते. मी मोजून संपवल्यावर म्हणाले, "दिसतं न्हवं लांबचं?" मी म्हटलं, "दिसतं." त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना वडापाव खाऊ घातला आणि पिंपरीच्या स्टुडिओवाल्याला ती निगेटिव्ह मुद्दाम नेऊन दाखवली. तो म्हणाला, योगायोग. काका त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत.

त्यानंतर दर रविवारी सकाळी ते मोशीच्या बाजूने नदीकाठी पेटी लावायला लागले. पलीकडे तीनेकशे मीटरवर त्यांचं घर, दार दक्षिणेला, नदीकडे. मी दोनदा गेले होते त्यांच्याबरोबर. मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसायचं, आभाळ खाली, नदी वर, आणि मधे ते घर लटकलेलं. मला वाटलं, म्हातारपणी जन्मघराची ओढ लागली. एकदा त्यांनी हिशोबही सांगितला होता, "एवढ्या लांबनं माणूस शून्य पॉइंट दोन टक्के येतो. तिळाएवढा." मी म्हटलं, "मग काय उपयोग?" ते म्हणाले, "तीळ काय कमी असतो?"

तेव्हा तरी मला समजायला हवं होतं. थोरले रोज सकाळी ऊन घ्यायला त्या दारात बसायचे. काकांना घर नको होतं. ज्या कॅमेऱ्याने आईचा चेहरा नेला, त्याच कॅमेऱ्याच्या काचेने भावाचा एक फोटो घरात परत द्यायचा होता, तोही दिलेला शब्द न मोडता, नदीच्या अलीकडून. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. मला ते कसं कळलं ते पुढे सांगते.

रविवार वाया जात होते. कधी वारा, कधी नदीवर फेस आणि धूर, कधी पिशवीच्या शिवणीतून उजेड शिरलेला. फिल्मचं शेवटचं पाकीट संपत आलं. आणि एका रविवारी, आदल्या रात्रीच्या पावसाने हवा धुऊन निघाली होती, पान हलत नव्हतं, तेव्हा ते जमलं.

सोमवारी ते नेहमीपेक्षा लवकर आले. सुकलेली निगेटिव्ह माझ्या टेबलावर ठेवली, दिवा लावला. "बग," म्हणाले. चेहरा असा की मी त्यांना तब्येत विचारली. "शंभर," म्हणाले. तेवढ्यात शेठने वरून हाक मारली, कॉम्प्रेसर बंद पडला होता. काका वर गेले.

मी बघत राहिले. खरंच सुरेख होती. काठावरची बाभूळ काट्याकाट्याने आली होती, घराची कौलं मोजावीत अशी. मला इतका आनंद झाला त्यांच्यासाठी, आणि आनंद झाला की माणूस आपल्याला येतं तेच करतो. त्यांच्या एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून न जाता एकही निगेटिव्ह पुढे गेली नव्हती. मी ब्रश काढला. आभाळात दहाबारा भोकं होती, बुजवली. मग खाली आले. घराचं दार निगेटिव्हमधे स्वच्छ पारदर्शक, कारण आत अंधार. आणि त्या स्वच्छ दारात एक काळा ठिपका. तिळाएवढा. मी भिंग घेतलं नाही. कशाला घेऊ, असे लाखभर ठिपके हाताने ओळखलेत. ब्लेडचा कोपरा लावला, चार हलके फटके, फुंकर मारली. दार कोरं झालं.

निगेटिव्हमधे पांढरं ते काळं दिसतं, हे मला नव्याने लागलेली पोरगीही सांगेल. पांढरा शर्ट, पांढरी टोपी.

काका खाली आले. हात पुसले, भिंग डोळ्याला लावलं आणि थेट दारावर ठेवलं. किती वेळ वाकून होते ते मी मोजलं नाही. मी आपली खुशीत बोलत होते, की आभाळातलं काढलं, खालचंही काढलं, आता नुसती छापायची. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"हात अजून शंभर टक्के हाय तुजा, पोरी," ते म्हणाले. "चहा सांग जरा."

आम्ही चहा प्यायलो. निगेटिव्ह त्यांनी नेली नाही. "ऱ्हाऊ दे तुज्यापाशी," म्हणाले. मला तो मान वाटला.

पाकिटात दोन फिल्म उरल्या होत्या. पुढचे दोन रविवार ते पेटी घेऊन गेले. दारात कोणी नव्हतं. थोरल्यांना चाकणच्या दवाखान्यात हलवलं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पूल न ओलांडणाऱ्या माणसाला कोण सांगणार? दहा दिवसांनी पुतण्याचा फोन आला तो सगळं संपल्यावरच.

तेराव्याला काका मला म्हणाले, "चल माज्याबरुबर. एकट्याला पूल जमायचा न्हाई." मी स्कूटर काढली. पुलाच्या मधोमध त्यांनी माझा खांदा घट्ट धरला आणि पलीकडे उतरल्यावरच सोडला.

ओसरीत पाटावर थोरल्यांचा फोटो ठेवला होता, हार घातलेला. आधार कार्डासाठी काढावाच लागला होता तेवढा एक, मोठा करून घेतलेला. डोळे तारवटलेले, नाक पसरलेलं, कडा विरघळलेल्या. त्याच्याकडे बघून कोणाला रडू येईना. वहिनी काकांना बघून उठल्या. अकरा वर्षांनी दीर दारात आला होता. त्या रागावल्या नाहीत, की गळ्यात पडल्या नाहीत. पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"त्येंना समदं ठावं व्हतं, भावजी," त्या म्हणाल्या. "पैल्याच ऐतवारी वळखलं. म्हनले, त्यो बग, पेटी घिऊन आलाय. मला वाटलं आता आत येतील, दार लावतील. तर म्हनले, माजी धुतलेली टोपी आण."

काका मान खाली घालून ऐकत होते.

"मंग दर ऐतवारी धुतलेली टोपी. तुमचं झाकान उनात चकाकलं की मला दटवायचे, मधी येऊ नगं, त्येनं झाकान काढलं. आन् मोजाया लागायचे. लाभ, दोन, तीन... बारापत्तुर. पापनी हलवायचे न्हाईत. खोकला आला तरी दाबून धरायचे. तुमी झाकान लावलं की मंग खोकायचे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "येवड्या येळा काढलासा, भावजी. एक तरी फोटू आला का वो? ह्यो बगा, कसला फोटू लावलाय आमी."

तेव्हा मला कळलं. दार, टोपी, तीळ. ओसरीतली सगळी माणसं काकांकडे बघत होती, भावकी, पुतण्या, शेजारी. मी काकांकडे बघत होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि नजर लगेच वहिनींकडे वळवली.

"न्हाई, वहिनी," ते म्हणाले. "एकबी न्हाई. ती काच जवळची. लांबचं तिला दिसत न्हाई. मला समदे सांगत व्हते, मीच ऐकलं न्हाई."

कोपऱ्यातलं कोणीतरी म्हणालं, "म्हातारपणी उगा नाद." काका त्यालाही हो म्हणाले.

परत येताना पुलावर मी स्कूटर थांबवली. मला पुढचं दिसत नव्हतं. रडत रडत मी काय काय बोलले ते आठवत नाही, की मला का सांगितलं नाही, त्या दिवशीच माझा हात का धरला नाही. ते कठड्याला टेकून थांबले. माझं रडणं संपेपर्यंत थांबले.

"तू तुजं काम केलंस," ते म्हणाले. "कुणाचं चित्र हाय ते मी सांगाया पायजे व्हतं."

"पण काचेला का दोष दिलात? तुम्ही? सगळ्यांसमोर?"

"काचंला काय," ते म्हणाले. "तिला कुठं ऐकू येतंय?"

त्यानंतर ते दीड वर्ष होते. वर्कशॉपात यायचे, पण पेटी पुन्हा उघडली नाही. शेवटी शेवटी तब्येत विचारली तर म्हणायचे, "वीस. पर चालतंय." गेले ते मोशीच्या खोलीत, दुपारी, झोपेतच.

खोली आवरून पुतण्या स्टीलचा डबा घेऊन माझ्याकडे आला. चांगला मुलगा आहे, चाकणला कंपनीत असतो. टेबलावर डबा ठेवून म्हणाला, "ताई, ही तुमच्याकडं राहू दे. काकाच म्हणायचे ना, हिला लांबचं दिसत नाही. आम्हाला काय कामाची?"

निगेटिव्ह त्याच टेबलाच्या खणात होती. खण उघडायला हात पुरला असता. मी म्हणायला हवं होतं, दिसतं रे, सगळं दिसतं, तुझे वडील आले होते, टोपीसकट आले होते. मी म्हटलं, "बरं, ठेव." तो चहा पिऊन गेला.

वहिनी अजून आहेत. मोशीच्या पुलावरून स्कूटरने वीस मिनिटं लागतात. मी अजून गेलेले नाही. डबा माझ्या पायाशी असतो, आणि आमच्याकडे कोणी नवीन माणूस आला की कोणीतरी त्याला काकांची गोष्ट सांगतं, की एक वेडा म्हातारा होता, कॉपीच्या लेन्सने नदीपलीकडचे फोटो काढायचा, एकही आला नाही. सगळे हसतात. काचेला ऐकू येत नाही. मला येतं.